डोंगरावर किती धावक सोडायचे?

डोंगरवाटांवरच्या शर्यतींचा शनिवार-रविवारचा उत्सव बेळगाव सीमाभागात भरवावा की नाही, यावर दोन टोकांची मतं ऐकू येतात. एक गट म्हणतो, सह्याद्री दाराशी असताना आपल्या पोरांनी डोंगरात धावायला पुण्या-साताऱ्याला का जावं? दोन हजार धावक आणा, लॉज भरतील, गावांची नावं सगळीकडे होतील. दुसरा म्हणतो, रानात माणूस नकोच, सरसकट बंदी घाला. मला दोन्ही पटत नाहीत. उत्सव व्हावा, जरूर व्हावा. पण अशा स्पर्धांमध्ये कामाचा जो क्रम रूढ होत चाललाय, तो मुळातच उलटा आहे. आधी पोस्टर निघतं, मग ऑनलाइन नोंदणी सुरू होते, मग टी-शर्ट आणि पदकांची ऑर्डर जाते, आणि पंधरा दिवस उरले की वनखातं, पोलीस ठाणं आणि ग्रामपंचायतीच्या पीडीओकडे, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्याकडे, अर्ज पडतो. तोवर लोकांचे पैसे घेऊन झालेले असतात, बाहेरगावच्यांनी रेल्वेची तिकिटं काढलेली असतात. ‘नाही’ म्हणायची सोय कुणालाच उरत नाही. हा क्रम सुलटा झाल्याशिवाय एकाही स्पर्धेला परवानगी मिळू नये. आधी डोंगर ठरावा, मग तारीख, मग धावकांचा आकडा, मग माणसं. नोंदणी सगळ्यात शेवटी.

डोंगर निवडताना नजर जाते ती खानापूरच्या पश्चिमेला. जांबोटी, कणकुंबी, आमगाव, गवळी, तळेवाडी हा सगळा पट्टा देखणा आहे यात वादच नाही. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते, म्हादई देगावच्या रानात. पण याच पट्ट्यात २०११ साली घोषित झालेलं भीमगड अभयारण्य आहे, आणि तिथल्या बारापेडे गुहांमध्ये जगात फार थोड्या ठिकाणी आढळणारं राॅटनचं वटवाघूळ आहे. गवे आणि अस्वलं तर खानापूरकरांना नवी नाहीत. अस्वलाशी गाठ पडण्याची भीती पहाटे आणि तिन्हीसांजेला जास्त, आणि लांब पल्ल्याच्या शर्यती नेमक्या पहाटे चारला, कपाळावर बॅटऱ्या लावून सुटतात. अभयारण्यातल्या गावांना वन्यजीवांसाठी घरदार सोडायला सांगितलं जातंय, तळेवाडीच्या स्थलांतराची प्रक्रिया सुरू झालेली आहे. ज्या रानातून पिढ्यानपिढ्या राहिलेल्या माणसाला उठवायचं, त्याच रानात सुट्टीच्या दिवशी ध्वनिक्षेपक लावून शर्यत सोडायची, हे कुठल्या न्यायात बसतं? भीमगडच्या हद्दीत आणि तिला लागून असलेल्या रानात स्पर्धा नको. इथे मला तडजोडीची जागा दिसत नाही.

चोर्ल्याच्या बाजूचे सडेही, म्हणजे माथ्यावरची कातळ पठारं, वगळावेत. ऑगस्ट-सप्टेंबरात त्या कातळावर बोटभर मातीत फुलं येतात. तिथे बूट पडला की झाड मोडतंच, शिवाय ती मातीही पावसाबरोबर वाहून जाते. ती परत साठायला किती वर्षं लागतात हे सडा पाहिलेल्याला सांगावं लागत नाही. शिवाय जांबोटी-चोर्ला हा गोव्याचा रस्ता. रविवारी त्यावर गाड्यांची रांग असते. शर्यतीची सुरुवात किंवा शेवट त्या रस्त्यावर ठेवला, तर रुग्णवाहिका त्याच रांगेत अडकणार.

मग उरतं काय? भरपूर उरतं. येळ्ळूरचा राजहंसगड आहे. चंदगड तालुक्यातला महिपालगड आहे, ज्याच्या माथ्यावर आजही वस्ती आहे आणि पायथ्याला देवरवाडीचं वैजनाथ मंदिर आहे. बेळगावहून ही ठिकाणं जवळ आहेत, गाडीरस्ता कुठेही फार लांब राहत नाही, आणि वाटा आधीच वापरातल्या आहेत: गुरांच्या, सरपणाच्या, देवदर्शनाच्या. धावकाला चढ हवा असतो, घसरडा उतार हवा असतो, वाऱ्याचा माथा हवा असतो. हे सगळं इथे आहे.

तारखेचं गणित बाहेरच्या आयोजकाला सहसा जमत नाही, कारण ते इथल्या पंचांगावर चालतं. जून ते सप्टेंबर बाद. कणकुंबी-आमगावचा पाऊस म्हणजे कर्नाटकातल्या सर्वात जास्त पावसांपैकी एक, आणि पूर्वेकडच्या टेकड्यांवरही जांभा दगडावर शेवाळ धरतं. बुटाच्या तळाला पाच मिलिमीटरचे दाते असले तरी शेवाळलेल्या जांभ्यावर ते काही कामाचे नाहीत, दाते चिखलात रुततात, दगडावर नाही. ऑक्टोबरात परतीचा पाऊस आणि दिवाळी. १ नोव्हेंबरला एकीकडे कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक, दुसरीकडे सीमाभागातल्या मराठी भाषकांचा काळा दिन. त्या आठवड्यात शहरातला एकही पोलीस मोकळा नसतो. पुढे बेळगावच्या सुवर्णसौधमधलं कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन बहुधा डिसेंबरात येतं, तेव्हा बंदोबस्तही तिकडे आणि लॉजही भरलेले. उसाचा हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर पहाटेपासून रस्त्यावर असतात. फेब्रुवारीनंतर गवत वाळतं, वणवे लागतात आणि दुपारचं ऊन चढतं. हे सगळं वजा केलं की नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा किंवा जानेवारीचा पहिला पंधरवडा हातात राहतो. वर्षातून एक शनिवार-रविवार. त्याहून जास्त मागू नये.

आता आकडा. इथेच सगळ्यात जास्त फसवणूक होते, कारण धावकांची संख्या पार्किंगच्या जागेवरून किंवा प्रायोजकाच्या अपेक्षेवरून ठरते. खरं तर ती वाटेवरच्या सर्वात अरुंद जागेवरून ठरायला हवी. गडाच्या कुठल्याही वाटेवर एक तरी टप्पा असा असतो की एका वेळी एकच माणूस जातो: कातळातल्या पायऱ्या, दरवाजाची खिंड, करवंदीच्या जाळीतली फट. तिथे एका माणसाला पाच सेकंद धरले तर मिनिटाला १२ जण पार होतात. ३०० जण एकदम सोडले आणि ती जागा दोन किलोमीटरवर असली, तर झुंड पांगलेली नसते. पार व्हायला २५ मिनिटं लागतात आणि मागचे ताटकळतात. ताटकळलेला माणूस थांबत नाही, बाजूने चढतो. बाजूने चढला की झुडपं तुडवली जातात, दगड सुटतात आणि खालच्याच्या डोक्यावर येतात. एका सकाळीत पायवाटेचा गाडीरस्ता होतो आणि पुढच्या पावसात त्याचीच घळ. म्हणून ४० जणांच्या तुकड्या पाच-पाच मिनिटांच्या अंतराने सोडाव्यात. अशा पाच तुकड्या म्हणजे २०० धावक, आणि शेवटची तुकडी विसाव्या मिनिटाला सुटते. गडावर जाऊन त्याच वाटेने परतायचा मार्ग ठेवला तर चढणारे आणि उतरणारे समोरासमोर येतात, म्हणून वाट गोल फिरून यायला हवी. दिवसाला २०० हा आकडा मला या टेकड्यांसाठी योग्य वाटतो. शनिवारी मुलांची आणि पाच-दहा किलोमीटरची धाव, रविवारी २१ किलोमीटर. एवढा उत्सव पुरे.

वेळेची मर्यादाही मोजूनच ठरावी. आंतरराष्ट्रीय ट्रेल रनिंग संघटना चढाचे दर १०० मीटर सपाटीवरच्या एका किलोमीटरइतके धरते. म्हणजे २१ किलोमीटरमध्ये ९०० मीटर चढ असेल तर श्रम ३० किलोमीटरचे. मंद धावकाला अशा एका किलोमीटरला १२ मिनिटं दिली तर सहा तास होतात. सकाळी सातला, म्हणजे उजाडल्यावर, पहिली तुकडी सोडली तर शेवटच्या तुकडीतला शेवटचा माणूस दुपारी एक वाजून वीस मिनिटांनी पोहोचतो. रस्त्यावरच्या मॅरेथॉनचा हिशेब इथे लावून चार तासांची मर्यादा घातली, की हौशी धावक उतारावर जीव खाऊन पळतात. घोटे मुरगळतात ते चढावर नाही, उतारावर, आणि तेही शेवटच्या तिसऱ्या भागात, पाय दमलेले असताना. आपल्याकडच्या उतारांवरचा सुटा मुरूम गोट्यांसारखा पायाखालून निसटतो. त्या उतारांवर सावकाश उतरायची मुभा देणारी मर्यादा हवी.

पाण्याचं साधं गणित करू. २०० धावक, तीन थांबे, प्रत्येक थांब्यावर माणशी एक लिटर. ६०० लिटर, म्हणजे २० लिटरचे ३० जार. माथ्यावरच्या थांब्याला गाडी जात नसेल तर दहा जार खांद्यावरून न्यावे लागतात, आणि वीस किलोचा जार घेऊन चढणारा माणूस एका खेपेला एकच नेतो. ते काम आदल्या संध्याकाळी व्हायला हवं. कागदी-प्लास्टिकचे पेले अजिबात नकोत. आल्प्समध्ये फ्रान्स, इटली आणि स्वित्झर्लंड अशा तीन देशांतून जाणाऱ्या मोंब्लांच्या शर्यतीत धावक आपला पेला आपणच बाळगतो, आपल्याला न जमण्यासारखं त्यात काय आहे? सोबत केळी, गूळ-शेंगदाणे, मीठ-लिंबू, कोकम. खाण्यावर याहून जास्त लिहायची गरज नाही.

जास्त लिहायला हवं ते जखमी माणसाला खाली आणण्याबद्दल. आयोजक पत्रकात लिहितात, ‘रुग्णवाहिका सज्ज’. रुग्णवाहिका डांबरी रस्त्यावर उभी असते, पाय मोडलेला माणूस मात्र माथ्यावर. मधलं अंतर कोण कापणार? स्ट्रेचर धरायला एका वेळी सहा ते आठ माणसं लागतात, आणि खडकाळ वाटेवर ती काही शे मीटरमध्येच दमतात. म्हणजे एका जखमीमागे दोन पाळ्या मिळून सोळा माणसं, आणि दर किलोमीटरला साधारण तासभर. वाटेवरची कुठलीही जागा गाडीरस्त्यापासून दोन किलोमीटरपेक्षा लांब असेल तर ती वाट बदलावी. एकाच वेळी दोघे पडले तर काय, हे परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्याने तोंडी विचारावं आणि उत्तर लेखी घ्यावं.

चीनच्या गान्सू प्रांतात २२ मे २०२१ रोजी १०० किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत १७२ धावकांपैकी २१ जण गारठून दगावले. अचानक सोसाट्याचा वारा आणि गोठवणारा पाऊस आला, वारा अडवणारं जाकीट सक्तीचं नव्हतं, आणि ते अडकले तो चढ असा होता की तिथे पाणी-अन्न घेऊन पोहोचायची सोयच नव्हती. सहा जणांचे प्राण वाचवले ते तिथल्या एका मेंढपाळाने, आपल्या गुहेतल्या शेकोटीजवळ नेऊन. आपल्याकडे गोठवणारा पाऊस नाही, ऊन आहे. पण डोंगरात मदतीला सर्वात आधी पोहोचतो तो त्या डोंगरात राहणारा, हे इथेही तितकंच खरं. खानापूर-चंदगडच्या धनगर-गवळीवाड्यांवरची आणि जंगलातल्या गावांची माणसं पावसाळ्यात आजाऱ्याला खांद्यावर घेऊन ओढे ओलांडत आली आहेत. स्ट्रेचर कुठे आडवं धरायचं आणि कुठे तिरपं, हे त्यांना शिकवावं लागत नाही. बचावपथक त्यांचं असावं, त्यांना दोन दिवस प्रथमोपचाराचं प्रशिक्षण मिळावं, त्याचा भत्ता मिळावा, आणि शर्यत संपल्यावर स्ट्रेचर व प्रथमोपचाराच्या पेट्या गावातच राहाव्यात. एका रविवारी शहरातल्या धावकासाठी डॉक्टर उभा करायचा आणि सोमवारी गावाला पुन्हा मोकळं सोडायचं, हे कुणालाच शोभत नाही.

वैद्यकीय तंबूत बसणाऱ्यांना तीन गोष्टी पक्क्या ठाऊक हव्यात. उष्माघातात शरीराचं तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जातं, माणूस बरळतो, तोल जातो. अशा वेळी आधी थंड करायचं, मग हलवायचं. ताडपत्रीवर झोपवून चारही कडा उचलून धरायच्या आणि बर्फाचं पाणी ओतून ढवळत राहायचं. पहिल्या अर्ध्या तासात तापमान उतरवलं तर जीव वाचण्याची शक्यता खूप वाढते. रुग्णवाहिकेत घालून ‘लवकर बेळगाव गाठू’ म्हणण्यात तोच अर्धा तास जातो. दुसरी गोष्ट नेमकी उलटी. भीतीपोटी घटाघटा पाणी पिऊन रक्तातलं सोडियम उतरतं. बोटं सुजतात, मळमळतं, माणूस गोंधळतो. त्याला ‘पाणी कमी पडलं’ समजून आणखी पाणी पाजणं घातक आहे. तिसरी म्हणजे धावताना घेतलेल्या आयबुप्रोफेन-डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या. शरीरातलं पाणी कमी झालेलं असताना त्या मूत्रपिंडाला इजा करतात, म्हणून थांब्यावर त्या ठेवूच नयेत. साप चावला तर बांधायचं नाही, कापायचं नाही, पाय हलू द्यायचा नाही. प्रतिविषाचा साठा कुठल्या रुग्णालयात आहे याची खात्री आदल्या दिवशीच केलेली हवी.

माकडतापाविषयी आयोजक बोलायला कचरतात. हा आजार १९५७ साली शिवमोग्याच्या क्यासनूर रानात पहिल्यांदा ओळखला गेला आणि शेजारच्या गोव्यातल्या सत्तरीत व सिंधुदुर्गातल्या दोडामार्गातही त्याच्या साथी येऊन गेल्या आहेत. तो गोचिडांमार्फत पसरतो, हंगाम डिसेंबर ते मे. रान टाळून उघड्या टेकड्यांवर शर्यत घ्यायचं हेही एक कारण आहे. तरी पालापाचोळ्यावर बसू नये, लांब मोजे घालावेत, शेवटी अंग तपासावं. आणि प्रत्येक धावकाच्या हातात एक चिठ्ठी हवी: आठवडाभरात ताप आला तर डॉक्टरांना या भागात धावल्याचं सांगा. धावक पुण्याला किंवा बेंगळूरला परततो आणि तिथल्या डॉक्टरला हा माणूस कुठल्या डोंगरातून आलाय याचा पत्ता नसतो.

खुणांचा विषय छोटा वाटतो, पण गावाशी भांडण बहुतेक वेळा इथूनच सुरू होतं. सरळ वाटेवर दर ५० ते १०० मीटरला एक फीत, फाट्यावर लागोपाठ तीन, आणि चुकीच्या वाटेच्या तोंडाशी आडवी पट्टी, एवढं लागतं. प्लास्टिकच्या फिती गुरं खातात, म्हणून कापडी हव्यात. आठवडाभर आधी बांधलेल्या फिती शर्यतीपर्यंत टिकत नाहीत, आदल्या संध्याकाळीच बांधाव्यात. शेवटच्या धावकामागून चालणाऱ्या दोघांनी त्या सगळ्या सोडवून आणाव्यात, आणि प्रत्येक थांब्यावर पुढे गेलेल्यांचा व येऊन पोहोचलेल्यांचा ताळा जुळवावा. पण हे सगळं शिवारातून जातं. बेळगावच्या हलगा-मच्छे बायपाससाठीच्या भूसंपादनावरून इतकी वर्षं झगडलेल्या शेतकऱ्याच्या बांधावर कुणी अनोळखी माणसाने फीत बांधली, चुन्याची रेघ मारली, तर त्याच्या मनात आधी सर्व्हे येतो. तो फीत तोडणारच, आणि त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही. आधी जाऊन विचारायचं कोणी होतं? शिवाय भात कापून झाल्यावर शिवार मोकळं दिसतं, ते मोकळं नसतं. त्याच ओलीवर मसूर, हरभरा, वाटाणा पेरलेला असतो आणि नोव्हेंबरअखेर तो कोवळा असतो. शहरातून आलेल्या धावकाला तिथे फक्त धसकटं दिसतात आणि तो पाणंद सोडून आडवा पळतो. म्हणून वाट पाणंदीवरूनच न्यावी, वळणावर गावातलाच माणूस उभा करावा आणि शेतात पाय टाकणाऱ्याला स्पर्धेतून बाद करावं.

पैशांचा हिशेब गावासमोर मांडला जावा. समजा २०० धावकांनी प्रत्येकी १,५०० रुपये भरले, तर तीन लाख होतात. त्यात पदक, टी-शर्ट, वेळ मोजणारी चिप आणि मंच यांचा खर्च आधी धरला जातो आणि गावाच्या वाट्याला ‘सहकार्याबद्दल आभार’ येतात. मंच आणि टी-शर्ट गाळा. वाटेवर उभं राहणाऱ्याला त्या गावातली पूर्ण दिवसाची मजुरी मिळावी आणि ती त्याच संध्याकाळी हातात पडावी. जेवण गावातल्या बचत गटांनी करावं, दर त्यांनीच सांगावा. नुकसानभरपाईसाठी ठरावीक रक्कम पंचायतीकडे आधीच जमा असावी, म्हणजे मसूर तुडवला गेल्यावर शेतकऱ्याला आयोजकाचा फोन लागतो का ते बघत बसावं लागणार नाही.

भाषेचंही तसंच. सूचना इंग्रजीत वाचून दाखवल्या जातात आणि वाटेवर उभी राहणारी माणसं मराठी बोलतात, पोलीस व आरोग्य खात्याचे कर्मचारी बऱ्याचदा कन्नड. ‘तिसऱ्या थांब्यावर माणूस पडलाय’ हे तिघांना एकाच अर्थाने कळायला हवं. सूचनापत्रक मराठी आणि कन्नड दोन्हींत हवं, थांब्यांना आकडे हवेत आणि सगळ्यांकडे तोच नकाशा हवा. यात कुणाच्या अस्मितेला धक्का लागण्यासारखं काहीच नाही.

राहिला सीमेचा प्रश्न. येळ्ळूर कर्नाटकात, महिपालगड महाराष्ट्रात, आणि डोंगरात हद्द दिसत नाही. मोबाइलला टॉवर कुठल्या राज्याचा लागतो त्यावर १०८ चा फोन कुठे जाणार हे ठरतं. त्यामुळे शर्यत सीमा ओलांडत असेल तर बेळगाव आणि कोल्हापूर या दोन्ही जिल्हा प्रशासनांनी एकच संयुक्त परवानगीपत्र द्यावं, तेही निदान तीन महिने आधी. त्याला वाटेवरच्या प्रत्येक गावाच्या ग्रामसभेचा ठराव जोडलेला असावा. धावकांचा कमाल आकडा त्यावरच लिहावा. कुठल्या थांब्यावरचा जखमी बेळगावला न्यायचा आणि कुठला चंदगडला, हे थांब्याच्या आकड्यापुढे नमूद असावं. वीज, वादळ किंवा वणवा दिसला तर शर्यत थांबवायचा अधिकार कुणाला, त्या एका व्यक्तीचं नाव त्यावर असावं, आणि ती व्यक्ती आयोजक किंवा प्रायोजक नसावी. नोंदणीचं पान उघडायचं ते या कागदावर दोन्हीकडचे शिक्के पडल्यावर.